आमची होडी त्यांच्या भट्टीत

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा कमरेपर्यंत वाकून नमस्कार. (पूर्ण आडवं होऊन नमस्कार घालायला घरात सध्या जागा नाही. का नाही, ते पुढे येईल.) तुझे गुडघे आता कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेलं तेल तू खरंच लावतेस की नुसतं उशाशी ठेवतेस? इकडे आम्ही चौघं धडधाकट आहोत. धाकटीला सर्दी आहे, पण ती वादळाच्या आधीपासूनची आहे, तिचा दोष वादळाला देता येणार नाही.

तू फोनवर विचारलंस की होडी सुखरूप आहे का, हो की नाही तेवढंच सांग. मी आधी ‘हो’ म्हणालो, मग ‘नाही’ म्हणालो, मग ‘म्हणजे एका अर्थी’ म्हणालो आणि तेवढ्यात माझ्या फोनने मान टाकली. तू चिडली असशील. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला कुणी माझं वय विचारलं असतं तरी मी असंच उत्तर दिलं असतं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. मध्ये कुठे गोंधळ वाटला तर तो तुझ्या चष्म्याचा नाही, इथलाच आहे.

वादळ येणार हे आम्हाला चांगलं माहीत होतं. मी होडी धक्क्याला न ठेवता खाडीत आत नेली, पुढून दोन आणि मागून दोन दोरखंड बांधले, नांगर टाकला आणि वर अजून एक दोर त्या जाड झाडाला गुंडाळला. मग आम्ही शाळेच्या इमारतीत मुक्कामाला गेलो. वारा थांबल्यावर मी पहिला खाडीवर पोचलो. खुंटांना बांधलेले चारही दोरखंड जागच्या जागी होते, गाठी इतक्या पक्क्या की मला स्वतःलाच सुटेनात. फक्त होडी नव्हती, आणि पाचव्या दोरासकट ते झाडही नव्हतं. मी बराच वेळ त्या गाठींकडे बघत उभा राहिलो. मनात आलं, मुलांना पोसायचं कशावर? लोकांना या काठावरून त्या काठावर नेणं सोडून मला दुसरं काय येतं?

तिथून घरी आलो तर घरात होडी. आपली नव्हे. एक चांगली थोरली निळी होडी रस्त्याच्या बाजूची भिंत फोडून बैठकीच्या खोलीत आली होती. नाक थेट सोफ्यापर्यंत, मागचा भाग बाहेर रस्त्यावर. सोफ्याला ओरखडाही नाही. सौभाग्यवतीने आधी पायातली चप्पल काढली, कारण आपण घरात आलोय, मग होडीकडे बघून पुन्हा घातली. मिस्त्री बोलावला. त्याने छताकडे बघितलं, होडीकडे बघितलं आणि म्हणाला, ‘हिला हात लावू नका. तुमची तुळई हिच्यावर टेकलीय.’ म्हणजे जिने घर पाडलं तिनेच ते उचलून धरलं होतं. तिच्यावर रागवायचं की तिचे आभार मानायचे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. स्वयंपाकघरात जायचं तर होडीत चढून पलीकडे उतरावं लागतं. मुलांना हे इतकं आवडलं की ती दिवसातून पन्नास वेळा पाणी प्यायला जाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी होडीमालकांची सभा झाली. सभागृहाचं छप्पर गेलं होतं आणि खुर्च्या खाडीत तरंगत होत्या, त्यामुळे सगळे उभे. सेक्रेटरींनी सांगितलं की ज्याने त्याने आपापली होडी ओळखून घ्यावी. आत्या, मी आजवर फार सभा पाहिल्या, पण अशी नाही. ज्या होड्या मोकळ्या मैदानात अलगद बसल्या होत्या, त्यांना प्रत्येकी तीन तीन मालक निघाले. आणि ज्या कुणाच्या घरात, दुकानात, गोठ्यात घुसल्या होत्या त्या सगळ्या बेवारस. कुणी ओळखच देईना. एकाची होडी न्हाव्याच्या आरशातून आरपार गेली होती, तिच्यावर त्याचं नाव ठळक अक्षरांत रंगवलेलं, आणि हा गृहस्थ शांतपणे सांगत होता की या नावाची माणसं पुष्कळ असतात. कारण उघड होतं. होडी आपली म्हटली की भिंतही आपणच बांधून द्यायची. मला त्या लोकांचा भयंकर संताप आला. मी तिथे उभा राहून बोललोसुद्धा, की माझ्या घरात ज्याची होडी शिरली आहे त्याने माणुसकीने पुढे यावं. सगळ्यांनी माना हलवल्या. पुढे कुणी आलं नाही.

संध्याकाळी बेकरीवाले समाचाराला आले. (तू इथून गेलीस त्यानंतर त्यांनी चौकातली बेकरी घेतली. अंगाने ऐसपैस, बोलायला मऊ, घरी म्हाताऱ्या आई.) हळहळले, भिंत बघितली, छत बघितलं, मग निळ्या होडीभोवती एक चक्कर मारली आणि बोलता बोलता तिच्या पाठीवर थोपटलं, आपल्या गायीला थोपटावं तसं. मग हात झटकन खिशात घातला. ‘कुणाची असेल हो?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘शोधतोय.’ ते म्हणाले, ‘तुमची सापडली का?’ मी म्हटलं नाही. त्यावर ते माझ्याकडे इतक्या विचित्र नजरेने बघत राहिले की मला वाटलं माझ्या नाकाला काही लागलंय. ‘सापडेल,’ एवढं बोलून चहा अर्धा टाकून निघून गेले.

कुणी समाचाराला आलं की आपणही जावं, म्हणून सकाळी मी बेकरीत गेलो. मागची भिंत आडवी झाली होती, पिठाची पोती भिजून दगड झाली होती, आणि भट्टीच्या तोंडात नाक खुपसून आपली होडी बसली होती. तिला मी हजारात ओळखलं असतं. काठाला तो पिवळा रंग, स्वयंपाकघराच्या दाराच्या रंगकामातून उरलेला, सौभाग्यवतीने स्वतः लावलेला. बाजूला रंगवलेल्या तुझ्या नावातलं पहिलं अक्षर तेवढं शिल्लक होतं. माझ्या तोंडून काय निघावं? ‘अरेरे, कुणाची असेल हो?’ बेकरीवाले म्हणाले, ‘शोधतोय.’ मी मान हलवली. त्यांनी मान हलवली. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि चहा दिला.

आता गोंधळ समजून घे. त्यांची होडी कोणती हे मला तोवर माहीत नव्हतं, कारण ते ती सुट्टीच्या दिवशी मासे धरायला काढत आणि एरवी ताडपत्रीखाली झाकून ठेवत. पण त्या चहाच्या वेळी मला ते थोपटणं आठवलं आणि डोक्यात उजेड पडला. म्हणजे माझ्या घरात त्यांची, त्यांच्या घरात माझी. हे त्यांना आधीच कळलेलं, म्हणून ती नजर. मला कळलंय हे त्यांना कळलं का, हे मला कळेना. त्यांना ते कळलं असेल तर त्यांनी चहा का दिला? आणि कळलं नसेल तर त्यात साखर इतकी का घातली? घरी येऊन मी आडवा पडलो. सौभाग्यवतीने विचारलं, होडी दिसली का कुठे? मी म्हटलं, पाव मिळाला नाही.

असे काही दिवस गेले. गावात पाव नाही, कारण भट्टीत होडी. खाडीवर ये-जा नाही, कारण होडी भट्टीत. पलीकडच्या दवाखान्यातली नर्स लांबच्या रस्त्याने मालाच्या टेंपोतून जायची आणि मला धक्क्यावर पाहिलं की विचारायची, ‘काही पत्ता?’ मी रोज नाही म्हणायचो. सभेत मी ज्यांच्यावर चिडलो होतो ते सगळे आता मला ओळखीचे वाटू लागले होते.

मग एकदाची क्रेन आली. क्रेनवाला भलता कडक. म्हणाला, मालकाने होडीवर हात ठेवून ‘माझी’ म्हटल्याशिवाय मी साखळी लावत नाही, मागच्या गावात दोन मालकांनी मला मारायला धरलं होतं. बेकरीसमोर ही गर्दी. त्याने विचारलं, ‘मालक कोण?’ मी एका पोत्याआड उभा होतो. (उभा कसला, जवळजवळ पोत्यात शिरलो होतो.) त्याने दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हा आपली सौभाग्यवती, जी पाव मिळतोय का बघायला म्हणून आली होती, पदर खोचून सरळ पुढे गेली, पिवळ्या काठावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘ही आमची. भट्टी आम्ही मोडली. बांधून आम्हीच देऊ.’ आणि मग बेकरीवाले घसा खाकरत म्हणाले, ‘यांच्या घरातली निळी माझी.’ पाठोपाठ न्हाव्याच्या आरशातल्या होडीचा तो मालक पुढे आला. मग काय, क्रेनवाल्याला जेवायला वेळ मिळेना. तुझ्या सुनेचं मला फार कौतुक वाटलं, ते तुला कळावं म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

आपल्या होडीला तळहाताएवढं भोक होतं, ते बुजवलं. आता ती रोज खाडीत जाते. निळीची मात्र खालची फळी आपल्या पायरीवर आपटून उभी चिरली, ती पुन्हा पाण्यात जाणार नाही असं सगळे म्हणतात. बेकरीवाले हे ऐकून नुसते तिच्यात जाऊन बसले. नवे खांब येईपर्यंत ती आपल्या घरातच आहे. भट्टी बांधून होईपर्यंत ते आपल्या स्वयंपाकघरात पाव भाजतात, म्हणजे पीठ खांद्यावर घेऊन होडी ओलांडून आत आणि पाव घेऊन होडी ओलांडून बाहेर. मी तो पाव पलीकडच्या काठावर पोचवतो. भट्टीच्या विटा दुपारी आम्ही दोघं मिळून रचतो. दोघांनाही विटा रचता येत नाहीत.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि ज्यांचं काय लागतं ते मला आठवत नाही त्यांना जे योग्य असेल ते सांग.

तुझा भाचा

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. होडी अजून तुझ्याच नावावर आहे, आणि हे मी बेकरीवाल्यांच्या आईंसमोर बोलून बसलो. त्यांनी स्वतः येऊन सौभाग्यवतीची माफी मागितली, निळी होडी त्यांच्या नावावर आहे म्हणून. आता त्या म्हणतात, भट्टी मोडणारी मालकीण आमच्या दारात कधी येणार? माझी माफी त्या धरत नाहीत, मी म्हणे नुसता चालवणारा. तर तुला चार दिवस येऊन जाता येईल का?

ता. क. दुसरा : झोपायची सोय निळ्या होडीत आहे. गादी घातली आहे. बेकरीवाले सकाळी बसायला येतात, तेव्हा तेवढं उठावं लागेल.

ता. क. तिसरा : आत्याबाई, नमस्कार. पाकीट उघडंच होतं म्हणून मी हे वाचलं. बाकी सगळं खरं आहे, पण त्या दिवशी मी बेकरीत गेलेच नव्हते. मी मिस्त्रीबरोबर छपरावर ताडपत्री धरून बसले होते. होडीवर हात ठेवून ‘ही आमची’ म्हणाले ते हेच. म्हणाले आणि सगळ्या गावादेखत हुंदके देऊन रडले. बेकरीवाल्यांनी तोंड पुसायला आपला पंचा दिला, त्यावरचं पीठ तोंडभर लागलं, तसेच घरी आले. मला सांगितलं, वाटेत फार धूळ होती. खरं काय ते मला त्या आईंनी सांगितलं. हे पत्र मी आत्ताच टपालात टाकून येते. तुम्ही जरूर या. आणि आल्यावर त्या दिवसाबद्दल शाबासकी मलाच द्या, ह्यांना बरं वाटेल.
तुमची सून