चाकाखालचा दगड

कामरगाव,
१२ सप्टेंबर २०२५

चि. रूपालीस,
अ. आ.

माझे कान गेल्यापासून फोनवर तू ओरडतेस आणि मी भलतंच उत्तर देतो, म्हणून हे पत्र.

हरभऱ्याच्या पेरणीला भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळत नाही. शेवटी बारा वर्षांनी आपला बाहेर काढला. जानराव मिस्त्रींनी टाकी धुतली, तळाशी नुसता गाळ. इंजिन जाम आहे, पिस्टनवर तेल सोडून ठेवलंय. सीटखाली तुझ्या दादाचा, गणेशचा खांद्यावरचा दुपट्टा निघाला. आईने तो धुतला नाही, नुसता दोरीवर टाकला.

ती अजून रोज दिवेलागणीला मला विचारते, चाकाले दगड लावला काय. मी हो म्हणतो. इतकी वर्षं ट्रॅक्टर जागचा हलला नाही, तरी रोज.

दसऱ्याला पूजा करू. नोकरी लागल्यापासून नेमकी दसऱ्यालाच तुला सुट्टी मिळत नाही, अशी कोणती नोकरी गं ही?

आठवण ठेव.
रामराव

नागपूर,
१८ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सुट्टी मिळते, बाबा. मी मागत नाही.

त्या दसऱ्याला ट्रॅक्टर अंगणाच्या उतारावर होता. बॅटरी नेहमीच उतरलेली, म्हणून ढकलून सुरू करायला तुम्ही तो तिथेच लावायचात. गिअरमध्ये होता, त्यामुळे चाकाखालचा दगड सैल होता. पूजेचा नारळ फोडायला मी तो उचलला आणि पायरीपाशीच ठेवला. दादा पुढे, उताराच्या बाजूला, बॉनेटला हार घालत होता. दगड आहेच असं समजून तुम्ही गिअर काढला आणि ट्रॅक्टर दादावर गेला.

लोक म्हणाले, रामराव दगड लावायला विसरला. तुम्हीही तेच म्हणालात. मी दहा वर्षांची होते, भ्याले. मग गप्पच राहत गेले. अजून रस्त्यात ट्रॅक्टर उभा दिसला की मी आधी त्याच्या चाकाखाली बघते.

आईला खरं सांगा. मग मला घरात घ्यायचं की नाही ते ठरवा.

तुमची,
रूपाली

कामरगाव,
२४ सप्टेंबर २०२५

चि. रूपालीस,
अ. आ.

पत्र तीनदा वाचलं. मला माहीत होतं, पोरी. त्याच संध्याकाळी पायरीपाशी दगड दिसला, नारळाच्या शेंड्या चिकटलेल्या. मी तो विहिरीत टाकला आणि लोकांना सांगितलं, विसरलो. न बघता गिअर तर मीच काढला होता. तू लहान, तुझ्या लक्षातही नसेल असं वाटलं. तिथेच माझं चुकलं.

आईला काही सांगणार नाही. माझ्यावर रागावूनच ती एवढी वर्षं तगली आहे.

ट्रॅक्टर काल सुरू झाला. आधी पांढरा धूर, मग सगळा ओटा थरथरला. आई बाहेर आली आणि तिने गणेशला जेवायला हाक मारली. मला ऐकू आली नाही, जानरावांनी सांगितलं.

आता तो सपाटीवर उभा केलाय. दोन्ही चाकांना दगड लावलेत. तू दसऱ्याला ये. नारळ मी पायरीवर फोडीन.

लोभ होता तसाच आहे.
तुझा,
बाबा