फळ्याचा कोपरा

कॅन्सस, मे महिना

प्रिय आई,

आमच्या ख्रिस्ती विद्यापीठात नर्सिंगला असा की संगीताला, बायबलचा 'जुना करार' हा विषय घेतल्याशिवाय पदवी मिळत नाही. तो शिकवतात एकटे बाबा. दोन वर्षं टाळलं, शेवटी यंदा त्यांच्या तासाला बसले. वर्गात मी त्यांना सर म्हणते. घरी, तू सोडून गेल्यापासून, त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही.

तासाआधी ते प्रार्थनेच्या विनंत्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून घेतात. पहिल्या दिवशी ट्रेंटनने दुखावलेला गुडघा सांगितला, लोइसने ड्रायव्हिंगची परीक्षा.

"तुझं काय, ग्रेटा?"

"माझी आई घरी परत यावी, सर."

बाबांनी लोइसच्या परीक्षेखाली लिहिलं, 'ग्रेटाची आई', आणि नेहमीच्याच सुरात सगळ्यांसाठी प्रार्थना केली.

मागितलेलं मिळालं की ती ओळ पुसायची, असा त्यांचा नियम. लोइस पास झाली, पुसलं. ट्रेंटन पुन्हा बास्केटबॉल खेळायला लागला, पुसलं.

काल शेवटचा तास झाला.

"सर, फळा पुसू का?" ट्रेंटनने विचारलं.

"कोपरा राहू दे रे."

सगळे गेल्यावर मी दारातून वळून पाहिलं. 'ग्रेटाची आई' पुसून बाबा तिथे तुझं नाव लिहीत होते.

तुझी,
ग्रेटा