दाबलेला हात

प्रिय गिडियन,

डॅडींनी आज मक्याची लापशी दोन घास जास्त खाल्ली. दौरा अर्धवट सोडून मी घरी आले, तेव्हापासून माझ्या जागी बास गिटार वाजवणारा तो मुलगा प्रत्येक गाण्यात घाई करतो, हे इथे आर्कान्सात टीव्हीसमोर बसूनही कळतं. रविवारी चर्चबाहेर मिसेस ओडेलनी मला गाठलं. म्हणाल्या, "तुझ्या भावाच्या गाण्यांत देव आहे म्हणतात गं, पण त्या ढणढणाटात त्याला शोधायचा कसा?" मी हसून वेळ मारून नेली. खरं म्हणजे शोधत मीही आहे.

आपलं गाणं पहिल्यांदा मोठ्या रेडिओवर लागलं, तेव्हा आपला मॅनेजर कर्टिस काय म्हणाला होता, आठवतं? "देवाचं नाव जरा हात राखून घ्या, लोक बिचकतात." मग चर्चवाले रुसले, तेव्हा म्हणाला, "थोडं वाढवा आता." जेवणातल्या मिठासारखं. तेव्हापासून माझा कुणावरच विश्वास राहिला नाही. कर्टिसवर नाही, हात वर करून रडणाऱ्या श्रोत्यांवर नाही. तुझ्यावर मात्र होता. तो डेन्व्हरला डळमळला.

कार्यक्रमाआधी आपण सगळे गोल करून हात धरतो आणि एकेक जण मोठ्याने प्रार्थना करतो. ज्याला बोलायचं नसेल त्याने शेजारच्याचा हात दाबून पाळी पुढे सरकवायची, हा आपल्या चर्चचा जुना रिवाज. लहानपणी तू कधी कुणाचा हात दाबला नाहीस. बुधवारी चर्चमध्ये सगळ्यांचं जेवण असायचं, त्याआधी अशी लांबण लावायचास, की डॅडी स्वतः पास्टर असून म्हणायचे, "आमेन म्हण रे बाळा, देवालासुद्धा भूक लागली असेल." डेन्व्हरला तू माझा हात दाबलास. वाटलं, घसा बसला असेल. ओमाहालाही दाबलास, मग रोजच. सगळ्यांचे डोळे मिटलेले, त्यामुळे ज्याचा हात दाबला जातो त्यालाच कळतं. आणि तू दर वेळी येऊन उभा राहायचास तो माझ्याच शेजारी. मग स्टेजवर जाऊन सांगायचास, "आत्ताच तुमच्यासाठी प्रार्थना करून आलोय." मी खाली मान घालून बास वाजवायचे.

तुझ्यावर पाळत ठेवली मी, रागावलास तर रागाव. आधी वाटलं दारू. तू बाहेर गेलास तेव्हा तुझा मग हुंगला, तर त्यात मध घातलेला चहा. मला वाईटच वाटलं. दारू असती तर बरं झालं असतं, दारू सुटते. मग वाटलं बाई असेल. तेही नव्हतं. उरलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि आता फोनवर घरी ये म्हटलं की तू "बघतो" म्हणून ठेवून देतोस. का टाळतोस, ते मला कळतं.

डॅडींकडे फार दिवस नाहीत. येत्या रविवारी त्यांना पलंगाभोवती सगळे हवे आहेत, आणि प्रार्थना फक्त तू करायचीस असा हट्ट आहे. "गिडियनचं देव ऐकतो," म्हणतात. मी तुझं काही बोलले नाही. पण काल जेवणाआधी मी त्यांचा हात धरून थांबले, आणि त्यांनी माझा हात दाबला. जन्मभर मरणाऱ्यांच्या उशाशी उभं राहून प्रार्थना केलेला माणूस. अंगात त्राण नव्हतं, की त्यांचंही तुझ्यासारखंच झालंय, मी विचारलं नाही. म्हणून हे पत्र. गिडियन, तू ये. देवावर विश्वास असो नसो, तसाच ये, आणि त्यांच्याशी खोटं बोलू नकोस. मी तुम्हा दोघांच्या मध्ये उभी राहीन. दोन्हीकडून हात दाबला गेला तरी चालेल. मग मी बोलेन.

तुझीच,
टॅबिथा