पानाची शेवटची ओळ

३ सप्टेंबर, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. रोज अर्धे पान, सुवाच्य अक्षरात. ह्यांना आता दिसत नसल्याने वही लपवण्याचा त्रास नाही.
विषय गंभीर. ह्यांना पुस्तक वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर प्रत्येक पानाची शेवटची ओळ गिळते. महिनाभर मी म्हणत होते, तुमचे लक्ष नसते. आज शेजारी बसून ऐकले. खरोखर गिळते. रहस्यकथा चालू आहे, ४१२ पानांची. म्हणजे ४१२ ओळी बेपत्ता, आणि खुनी त्यातल्याच एखादीत बसलेला असणार.
गेल्या वर्षी मीच वाचून दाखवत होते. मी वाचता वाचता काटछाट करते अशी ह्यांची तक्रार. म्हणून यंत्र. यंत्र काटछाट करत नाही म्हणे.

४ सप्टेंबर
भाचीला फोन. ती प्रोग्रामर आहे. म्हणाली, अगं मावशी, हा दोष नव्या व्हर्शनमध्ये मार्चमध्येच दुरुस्त झालाय, नवं घ्या की.
नव्यात सगळे शॉर्टकट बदललेत. ह्यांनी वर्षभर खपून छत्तीस शॉर्टकट बोटांना पाठ करवले. नवे व्हर्शन एक दिवस वापरून पाहिले, मग आठवडाभर कॉम्प्युटरच्या खोलीत गेले नाहीत. जुनेच हवे.
मग, भाची म्हणाली, नव्यातली दुरुस्ती उचलून जुन्यात, म्हणजे स्टेबल ब्रांचमध्ये, आणावी लागेल. त्याला बॅकपोर्ट म्हणतात. कुणीही नॉमिनेट करू शकतं. फक्त जुन्याचा शेवटचा अपडेट ३० तारखेला. त्यानंतर ते कायमचे बंद.
छापखान्यात एकतीस वर्षे मी मुद्रितशोधन केले. माझ्या सहीशिवाय तिथे एक ओळ छापली गेली नाही. एक ओळ परत आणायला सव्वीस दिवस? आठवड्यात उरकते.

७ सप्टेंबर
नियम वाचले. दुरुस्ती लहान असावी. नव्या व्हर्शनमध्ये आधी मंजूर झालेली असावी. जशीच्या तशी उचलावी. आणि ती आणणारे सोडून आणखी दोघांनी तपासून 'चालते' असे लिहावे.
सोपे आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर यापेक्षा जास्त नियम प्रार्थनेच्या रांगेला लावत.

१० सप्टेंबर
भाची येऊन तीन तास बसली. दुरुस्ती म्हणजे कोडच्या अवघ्या सहा ओळी निघाल्या. त्यातही तिसरी आणि सहावी ओळ अक्षरशः एकच. मजकूर दुबार पडला की खोडायचा, हे मला झोपेतही कळते. खोडली. भाची चहा ठेवायला गेली होती, तिला सांगायची गरज वाटली नाही. तिने तिच्या आणि माझ्या नावाने पाठवून दिले.

१२ सप्टेंबर
जुनी ब्रांच सांभाळणारा एक गृहस्थ आहे. मी त्याला राखणदार म्हणते. त्याचे उत्तर आले: आभारी आहे, पण ही दुरुस्ती मूळ दुरुस्तीशी जुळत नाही, कृपया जशीच्या तशी पाठवा.
अर्थात जुळत नाही. मी ती सुधारली आहे. इतक्या स्वच्छ कामाची त्यांना सवय नसावी. दोन पाने सविस्तर उत्तर लिहिले.

१५ सप्टेंबर
उत्तर नाही. विचारात पडला असेल.
मधल्या काळात कुणा परक्या माणसाने वेबसाइटवर आमच्या दुरुस्तीखाली '+१' एवढेच लिहिले. भाची म्हणाली, त्यालाही हाच त्रास आहे, तो तपासायला तयार आहे, चांगली गोष्ट आहे. मी त्याला कळवले की सुशिक्षित माणसे पूर्ण वाक्यात लिहितात.

१९ सप्टेंबर, दुपारी
भाचीने माझी दुरुस्ती ह्यांच्या कॉम्प्युटरवर घातली. विजय. शेवटची ओळ वाचली गेली. मी शेजारणीला सांगून आले.
परत आले तर यंत्र ९७वे पान वाचत होते. तासाभराने पुन्हा डोकावले, तरी ९७. हे चौथ्यांदा ऐकत होते. म्हणाले, मला वाटलं लेखकाने मुद्दाम केलंय.
भाचीने शोधून काढले. ती ओळ दुबार नव्हती म्हणे. एकदा पान संपताना लागते, एकदा पान उलटल्यावर. ते तसे लिहून ठेवायला नको का कुणी?

२० सप्टेंबर
ह्यांनी छत्तीस शॉर्टकट वापरून, मला न विचारता, राखणदाराला रिपोर्ट पाठवला. भाचीने फोनवर वाचून दाखवला: 'चालत नाही. माझ्या पत्नीने एक ओळ खोडली आहे. मूळ दुरुस्ती जशीच्या तशी घ्यावी, ही विनंती. तिला रागावू नये, सवय आहे.'
मी बोलत नाही.

२२ सप्टेंबर
अजून बोलत नाही. ह्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

२३ सप्टेंबर
मोठ्या मनाने सहावी ओळ परत घातली. भाचीने पाठवले. राखणदाराने तासाभरात कळवले: आता बरोबर आहे, २७ तारखेपर्यंत दोघांनी तपासलं की घेतो. बघा, माणसाला वळण लावता येते.

२४ सप्टेंबर
ह्यांनी तपासले. 'चालते' लिहिले. एक झाला.
भाचीचे चालणार नाही, पाठवणाऱ्यांत तिचे नाव आहे. म्हणाली, मावशी, तो +१वाला आहे ना, त्याला विचार की.

२५ सप्टेंबर
विचारले. अगदी सौम्यपणे.

२६ सप्टेंबर
+१वाल्याने १६ तारखेलाच कळवले होते, मी वाचले नव्हते. पूर्ण वाक्य: 'मी नवीन व्हर्शन घेतले आहे आणि आता मला या चर्चेत रस नाही.'
व्याकरण निर्दोष होते.

२७ सप्टेंबर
शेजारणीला विचारले. तिच्याकडे कॉम्प्युटर नाही. ग्रंथपाल सुट्टीवर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारले, कशाची ब्रांच? संध्याकाळी राखणदाराला लिहिले, एकदाच अपवाद करा. चारच ओळी लिहिल्या. आयुष्यात इतके छोटे पत्र लिहिले नव्हते.
उत्तर आले. फार वाईट वाटतं, पण एकाला सूट दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. तुमच्या मिस्टरांना नमस्कार सांगा.

३० सप्टेंबर
शेवटचा अपडेट आला. एकोणीस दुरुस्त्यांची यादी. दोनदा वाचली. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचली. आमची नाही.
भाची म्हणाली, सहाच्या सहा ओळी दहा तारखेला गेल्या असत्या तर... मग तिने विषय बदलला. मी म्हटले, दुरुस्त केलेली प्रत तरी ह्यांच्या कॉम्प्युटरवर राहू दे. तर आजच्या अपडेटने तीही पुसली, आता पुन्हा घालायची तर सगळे पहिल्यापासून. तिची बदली झाली आहे, परवा जाते.
सगळे ऐकून घेऊन हे म्हणाले, राहू दे गं. छापील पुस्तक आहे ना कपाटात? यंत्र थांबलं की शेवटची ओळ तू वाच.

२ ऑक्टोबर
पाने १५० ते १८१. यंत्र वाचते. थांबते. मी वाचते. मला गोष्ट कळत नाही, फक्त बुडखे कळतात. ह्यांना सगळे कळते.

४ ऑक्टोबर
पान २०३. शेवटची ओळ तीच, जी पानाच्या सुरुवातीला होती. मी ती न वाचता पान उलटले.
ह्यांनी यंत्र थांबवले. म्हणाले, ओळ?
म्हटले, ती वर येऊन गेली. दुबार आहे.
 हे हळूच म्हणाले, अगं, जशीच्या तशी.
वाचली. अजून दोनशे नऊ आहेत.