बाटलीतल्या माशाची कोरी चिठ्ठी

अण्णा, आज तुमच्यावर मनापासून चिडले आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी राग काढायला दुसरं कुणी नाही. टांझानियातल्या शाळांत शिकवत असताना तुम्ही धरलेला तो बोटाएवढा मिशांचा मासा, ओठांची वाटी करून धावत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारा, अजून आपल्या बोगादीच्या घरात तुमच्या कपाटात, स्पिरिटच्या बाटलीत आहे. त्याचा फोटो मी तिकडच्या एका संशोधक बाईंना पाठवला. लगेच उत्तर आलं. हा मासा आता फार थोड्या ठिकाणी उरलाय, तुमचा कुठल्या नदीतला? तिकडे धरणं होताहेत. पाणी अडलं की धार संपते आणि धारेबरोबर हा मासाही. जागा कळली तर बाई सगळ्यात आधी तिथेच शोधायला जातील.

बाटलीत चिठ्ठी आहे, पण कोरी. स्पिरिट तेवढं निळसर. तुम्ही शाईनं लिहिलं होतंत, अण्णा, तुम्ही. नववीत अख्ख्या वर्गासमोर स्वतःच्या लेकीची बेडकाची बाटली परत करणारे तुम्हीच ना? "शाई स्पिरिटात विरघळते. पेन्सिलनं लिही. जागा कळली नाही, तर हे सुम्मने, नुसतं मेलेलं जनावर," म्हणाला होतात. वर्ग हसला. तेव्हापासून मी वाण्याची यादीसुद्धा पेन्सिलनं लिहिते.

तुमच्या तिकडच्या शाळा तीन, नद्याही तीन. जुन्या वह्या चाळल्या, काही नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मला गोत्तिल्ला गं. ते होते तेव्हाच विचारायचं होतंस."

विचारायची गरजच पडली नव्हती, हे तिला सांगितलं नाही. तुमचं शेवटचं वर्ष. मी स्वयंपाकघरात घाईघाईनं डबा भरतेय, हूटगळ्ळीची बस चुकेल म्हणून जीव वरखाली होतोय. तुम्ही बाटली, कागदाचा कपटा आणि पेन्सिल घेऊन येता. "माझीच शाई गेली बघ," जरा ओशाळून म्हणता. "माझा हात कापतो, तू लिही." मग नदीचं नाव सांगता, तिथला पूल, पाय घसरला तो खडक. खडक मला आठवतो, सांगतानाचं तुमचं हसणं आठवतं. नाव तेवढं आठवत नाही.

वडिलांनी नोंद ठेवली नव्हती, असं मी त्या बाईंना कळवून टाकलंय. ते खोटं आहे. तुम्ही पेन्सिल माझ्या हातात दिली होती. मी ती ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "राहील माझ्या लक्षात."