नदी भरायचं काम

४ एप्रिल
नदी भरायची आहे! साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. नव्या पुलाचं उद्घाटन, बडे पाहुणे — आणि पुलाखाली नुसती वाळू. "लोक हसतील!" पाणी कुठून आणू, विचारलं. "काठावर आपली विहीर आहे ना? पंप तुझ्याच ताब्यात आहे. दे सोडून! नाही जमलं तर दुसरा ऑपरेटर बघतो."

५ एप्रिल
दिवसभर पंप चालवला. पाणी पात्रात पडतं, वाळू गटागटा पिते, झिरपून परत विहिरीत. तेच मी पुन्हा उपसतो. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय!
साहेब म्हणाले, "दुसरा पंप लाव."

७ एप्रिल
नदी भरायला घेतल्यापासून नदी आटतेय. वरच्या अंगाला एक डोह उरला होता, तोही आता घोट्याएवढा. काठावर घरोघर बोअर, कारखान्याची बोअर, गाड्या धुणाऱ्याची बोअर — सगळ्यांनी खालून ओढून ओढून नदी संपवलीच होती. उरलीसुरली आम्ही.
साहेबांना म्हटलं, जमिनीतलं पाणी आणि नदीचं पाणी एकच हो.
"एकच कसं? दोन्हीची खाती वेगळी आहेत!"

८ एप्रिल
बायकोने डोहातले मासे घरी आणले. बादल्या भरल्या, पातेली भरली, माझ्या चहाच्या कपात खेकडा! अंघोळ बंद. किती दिवस? तर म्हणे, "नदी बरी होईपर्यंत." बाहेर कपड्यांच्या दोरीवर खंड्या येऊन बसलाय, आमच्या न्हाणीघरावर नजर ठेवून. बिचारा जाणार तरी कुठे.

१० एप्रिल
साहेबांच्या हुकमावरून पुलाखाली निळं प्लास्टिक अंथरलं. वाऱ्याने फुगलं. "लांबून लाट वाटते!" साहेब खूश.

११ एप्रिल
धडाम! ट्रान्सफॉर्मर जळाला. सगळ्या काठाची वीज गेली, एकूण एक बोअर बंद. पाहुणे पुढच्या आठवड्यावर. साहेब माझ्यावर ओरडले. मी कुणावर ओरडू?

१४ एप्रिल
वीज नाहीच. सकाळी बायकोने हाताला धरून डोहावर नेलं. कडेच्या दगडांमधून पाणी येतंय — कुणी न सोडता! तिने बोटं बुडवली. "गार आहे," म्हणाली आणि रडायलाच लागली. मग एक मासा सोडला. एक गिरकी घेतली त्याने, दिसेनासा झाला.
दुपारी साहेबही बघून गेले. "बघ, आपण सोडलेलं पाणी पोचलं शेवटी! वीज येऊ दे, तिसरा पंप लावू."
घरी सांगितलं. बायको न्हाणीघरात माशांपाशी जाऊन बसली. जेवलीही नाही.

१५ एप्रिल
वीज आली. बटण दाबलं — पंप ढिम्म. बघतो तर फ्यूज गायब! तेवढ्यात गाड्या धुणारा बोंबलत आला, त्याचेही गेले. कारखान्याचे गेले. काठावरच्या एकूण एक बोअरचे गेले!
घरी आलो. बायको भरदिवसा गाढ झोपलीय, पावलं वाळूने माखलेली. न्हाणीघरात सगळ्या बादल्या रिकाम्या.
साहेबांचा फोन वाजतोय. आवाज बंद केला — तिची झोप मोडायची.