न्हाणीतल्या दगडाचा नंबर

पौष शुद्ध तृतीया, शके १८६४. सकाळ.
आजपासून दगडांची फेहरिस्त, म्हणजे यादी, करायची. आपल्या भागात विहीर खोदली की पोटात स्फटिक असलेला दगड निघतोच, आणि तो माझ्याकडे येतो. किती वर्षांचा संग्रह. ओसरीत दगड, कोठीत दगड, दुकानात गुळाच्या ढेपांमागे दगड. वर्ग पाडायचे, नंबर घालायचे, झालं. आठवड्याचं काम.
लेक चन्नबसम्माचा पूर्णेहून निरोप आला. अप्पा, एकटे राहू नका, घर बंद करा आणि इकडं या. कळवलं, येतो, आधी दगड लावून होऊ देत. संग्रह असा अर्धवट टाकून कसं हलणार?
बायको उमादेवी श्रावणात गेली. माझी प्रकृती उत्तम.

पौष शुद्ध षष्ठी.
रंगाप्रमाणे तीन वर्ग पाडले. पांढरे, हिरवे, इतर. संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळे ‘इतर’मध्ये गेले. रंग ही पद्धतच चूक.
न्हाणीत उमादेवीचा टाच घासायचा एक दगड आहे. काळा, छिद्राछिद्रांचा. तो संग्रहातला नव्हे. पण दगड आहे, हे नाकारता येत नाही. वर्ग? उद्या पाहू.

पौष वद्य प्रतिपदा.
विहिरीप्रमाणे वर्ग पाडायचं ठरवलं. कोणता दगड कुठल्या विहिरीचा, हे उमादेवीला पाठ होतं. मलाही आहे असं वाटत होतं.
शेवटी शेजारच्या रायभानला बोलावलं. तो विहिरी खोदतो, निम्मे दगड त्यानंच आणलेले. त्यानं एकेक उचलून पाहिला, उलटा केला, हुंगला. म्हणाला, अप्पा, समदे जिमिनीतलेच हायत. त्याला शास्त्रीय दृष्टी नाही.
पूजा नेहमीप्रमाणे. गळ्यातलं लिंग हातावर घेऊन बसलो तो ऊन अंगणात आलं तरी समजलं नाही. एकाग्रता वाढली आहे.

पौष वद्य षष्ठी. दुपार.
वजनाप्रमाणे. दुकानातला तराजू घेतला. तिसऱ्याच दगडानं साखळी तुटली. मिरच्या घ्यायला आलेलं गिऱ्हाईक परत गेलं.
जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही. पोट भरलेलं आहे.
न्हाणीतला दगड उद्या.

पौष वद्य दशमी.
वर्ग नंतर. आधी नंबर. कागदाची लेबलं खळीनं चिकटवली. उंदरांनी खळ खाल्ली, लेबलांसकट. मग शाईनं लिहिलं. हात लागला की पुसतं. पक्कं काहीतरी पाहिजे.
पूर्णेहून पुन्हा निरोप. शिवरात्र आमच्याकडंच करायची, न्यायला येतो. भरपूर वेळ आहे.

माघ शुद्ध पंचमी.
उपाय सापडला. आपल्याच दुकानात शेंदूर आहे! तेलात कालवला, काडीला चिंधी गुंडाळली. विहिरींतले सात उत्तम स्फटिक ओट्यावर ओळीनं मांडले आणि नंबर घातले. आकडे थोडे पसरले. लांबून सातही नुसतेच लाल दिसतात. वाळू देत.
समाधान वाटलं. वाटलं असावं.

माघ शुद्ध षष्ठी. सकाळ.
ओट्यावर हळदकुंकू, नारळ, दहीभाताचा निवद. रायभानची बायको कासाबाई पदर पसरून उभी. विहिरीतले सात दगड, ओळीत, शेंदूर लावलेले. तिच्या लेखी त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी.
मी म्हणालो, बाई, हे नंबर एक ते सात आहेत. ती म्हणाली, सातच असत्यात की. मी म्हणालो, आमच्यात एकच लिंग, ते गळ्यात; मी कशाला देव मांडीन? ती म्हणाली, तुमी कुठं मांडलं, त्याच आल्या बसायला. सुनंला लय ताप होता, राती उतरला. आता हलवू नका, अप्पा, तुमच्या पाया पडते.
नाही हलवले. तात्पुरते.

माघ पौर्णिमा.
बाकीच्या दगडांनाही शेंदरानंच नंबर घातले, कारण शेंदूर कालवलेला होता. बायका एकेक मागून नेऊ लागल्या, आपापल्या विहिरीवर बसवायला. नाही म्हणून पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, एवढ्या देवांचं एकटा माणूस काय करतो रे, अप्पा? तिला दोन दिले.
एका अर्थी नुकसान नाही. संग्रह आता शिवारभर प्रदर्शनात आहे. कोणता कुणाकडे गेला, ते लिहायला हवं होतं. आजपासून लिहीन. कोठीत पाहिलं, एकही दगड उरला नाही.

माघ वद्य द्वादशी.
जावई शिवाप्पा आला. रेल्वेत आहे, व्यवस्थित माणूस. चहाची रिकामी खोकी आणली, सेलू स्टेशनपर्यंत दोन बैलगाड्या ठरवल्या. म्हणाला, कुठायत दगड, मामा? ओटा दाखवला. कासाबाई दिवा लावत होती. म्हणाली, जावईबापू, पायताण काढा आधी. त्यानं काढलं. मग हळूच विचारलं, आता काय राह्यलंय, मामा, यायचं?
घरभर हिंडलो. राहिलेलं काम सापडेना. न्हाणीत एक दगड होता.
एक गाडी परत पाठवली. खोकी रिकामीच घातली. कुलूप लावताना कासाबाई म्हणाली, घराची काळजी करू नका, सातजणी हायत.

माघ वद्य चतुर्दशी, शिवरात्र. पूर्णा.
पूजा झाली. एकाग्रता ठीक.
न्हाणीतला तो दगड बरोबर आणून इथं कोनाड्यात ठेवला होता, वर्ग ठरवण्यासाठी. पूजेहून उठलो तर जागेवर नाही. न्हाणीतून घासल्याचा आवाज येत होता. तोच आवाज. मी बाहेरून म्हणालो, अगं, पुरे आता, टाचा सोलवटतील.
आवाज थांबला. चन्नबसम्मा ओल्या पायांनी दारात आली. म्हणाली, अप्पा, कुणाला बोलायलाव?
मी म्हणालो, त्या दगडाला नंबर घालायचा राहिलाय.
तिनं दगड धुऊन माझ्या हातात दिला. अजून कोमट होता.
शेंदूर तिकडेच राहिला आहे.